दारं मोजायची तर भिंत लागतेच (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

धर्मग्रंथांतल्या नगराच्या आणि किल्ल्याच्या उपमांवर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा झोंबली, दुसऱ्यांदा वाचली तेव्हा अर्धी पटली. पटलेलं आधी सांगतो.

गीतेतल्या ‘नवद्वारे पुरे देही’चा (नऊ दारांच्या पुरात, म्हणजे शरीरात, राहणारा आत्मा) अर्थ मी ‘नऊ दरवाजांचा किल्ला’ असा दिला, तो ओढूनताणून आहे, असं तुम्ही म्हणता. मान्य. तिथला देही सुखात बसलाय. काही करत नाही, करवत नाही. वेढा पडलेला किल्लेदार असा बसत नाही. पाली भाषेतल्या बौद्ध ग्रंथांच्या दाखल्यांच्या नादात मी किल्ला तिथे घुसवला. लेखात आता ‘नगर’ केलंय.

पण ‘पुर म्हणजे साधं गाव’ हे तुमचं म्हणणं काही गळी उतरत नाही. ऋग्वेदात इंद्र पुरंदर आहे तो तटबंद्या फोडतो म्हणून. (आपल्याकडे त्याच नावाचा किल्ला असावा, ही गंमत वेगळी.) शिवाय गीतेत दारं नऊ, कठोपनिषदात अकरा. उघड्या वाडीला दारं किती, असं कोण विचारतं?

तुमचा दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: किल्ला ही भीतीची प्रतिमा, धर्माला ती कशाला हवी? अंगुत्तरनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातलं नगरोपमसुत्त बघा. सीमेवरचं नगर आहे. खोल पुरलेला खांब म्हणजे श्रद्धा, खंदक म्हणजे लाज, तटालगतची पहाऱ्याची वाट म्हणजे पापाचं भय. भय आहेच, पण ते स्वतःच्या हातून होणाऱ्या वाईटाचं. बाहेरच्या माणसाचं नव्हे. शस्त्रं म्हणजे ऐकून साठवलेलं ज्ञान, फौज म्हणजे उद्योग, द्वारपाल म्हणजे स्मृती आणि गिलावा केलेला तट म्हणजे प्रज्ञा.

मला त्यातला पुढचा भाग जास्त आवडतो, तो कोठारांचा. गवत, लाकूड, पाणी; तांदूळ आणि जव; तीळ आणि कडधान्यं; मग तूप, लोणी, तेल, मध, गूळ, मीठ. ध्यानाच्या चार पायऱ्या अशा शिध्याच्या भाषेत सांगितल्यात. गड पायी हिंडलेल्याला हे समजावावं लागत नाही. टाकं आटलं की बुरूज कितीही भक्कम असून काय उपयोग? रामचंद्रपंत अमात्यांनीही आज्ञापत्रात आधी पाणी बघायला सांगितलंय, मग बांधकाम.

आणि दरवाजा असतो तो आत घेण्यासाठीही. संयुत्तनिकाय या दुसऱ्या पाली ग्रंथातल्या किंसुकसुत्तात सहा वेशींचं नगर आहे. पूर्वेकडून दोन दूत घाईघाईने येतात आणि द्वारपालाला विचारतात, नगराचा धनी कुठे आहे? तो सांगतो, मधल्या चौकात बसलाय. दूत निरोप देतात आणि आल्या वाटेने परत जातात. हे दूत म्हणजे शमथ (मन शांत करणं) आणि विपश्यना (आत नीट पाहणं). द्वारपाल ओळख पटली की वाट दाखवतो. महादरवाजाच्या आत देवड्या असतात ना, तिथे बसून तो हेच करत असणार.

मोकळेपणाचं उदाहरण म्हणून तुम्ही बायबलच्या शेवटी येणाऱ्या नव्या यरुशलेम नगरीच्या कधीही बंद न होणाऱ्या वेशी दिल्यात. छान आहे, पण त्याच अध्यायात तिचा तट मोजलाय: 144 हात. वेशी उघड्या असल्या तरी अशुद्ध काही आत येणार नाही, हेही तिथेच लिहिलंय.

खरं तर तुम्ही धम्मपद या बौद्ध ग्रंथातली 150वी गाथा पुढे केली असती तर मी अडकलो असतो. हाडांचं नगर, त्यावर मांस-रक्ताचा लेप, आणि आत राहायला कोण, तर म्हातारपण, मरण, गर्व आणि दुसऱ्याचं चांगलं झाकण्याची खोड. तिथे द्वारपालाने नेमकं कुणाला अडवायचं, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.