संहती सारखी म्हणजे समतोल? नाही!

परीक्षेच्या टिपणांतून एक उतारा सर्रास फिरतो: "केमिकल पोटेन्शियल हे संहतीचंच भारदस्त नाव. पदार्थ नेहमी जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातो. दोन्हीकडे संहती सारखी झाली की समतोल येतो आणि हालचाल थांबते." (संहती म्हणजे ठरावीक जागेत पदार्थ किती दाट आहे ते.) उतारा सोपा आहे म्हणून पाठ होतो, आणि प्रावस्थांचा, म्हणजे घन, द्रव, वायू अशा रूपांचा, समतोल शिकायची वेळ आली की विद्यार्थी इथेच अडकतो.

आधी नावाचं बघू. अमेरिकन शास्त्रज्ञ गिब्जने १८७६ ते १८७८ दरम्यान ही राशी मांडली. तापमान, दाब आणि बाकीचे घटक तेवढेच ठेवून एखादा घटक किंचित वाढवला, तर गिब्ज ऊर्जा (तापमान-दाब स्थिर असताना बदल जी कमी होण्याच्या दिशेने घडतात ती ऊर्जा) दर मोलमागे, म्हणजे कणांच्या एका ठरलेल्या संख्येमागे, किती बदलते, ते त्या घटकाचं केमिकल पोटेन्शियल. पदार्थ जातो तो जास्त केमिकल पोटेन्शियलकडून कमीकडे, आणि ते दोन्हीकडे सारखं झालं की समतोल. त्यात संहतीचा वाटा असतोच. पण पदार्थ कोणत्या प्रावस्थेत आहे, शेजारी कोण आहे, यावरही ते ठरतं. हे बाकीचं सगळं दोन्हीकडे सारखं असेल तरच संहतीवरून दिशा कळते. पाण्यात साखर पसरते ती अशीच, आणि उताऱ्यातला "नेहमी" बहुधा तिथूनच आला असावा.

तो "नेहमी" धातुशास्त्रज्ञ डार्कनच्या १९४९ च्या प्रयोगापुढे टिकत नाही. त्याने पोलादाचे दोन तुकडे जोडले. एकात कार्बन ०.४८ टक्के, दुसऱ्यात ०.४४, म्हणजे जवळपास सारखाच. पण पहिल्यात ३.८ टक्के सिलिकॉन होतं, दुसऱ्यात नगण्य. १०५० अंश सेल्सिअसला १३ दिवस ठेवल्यावर सांध्यालगत सिलिकॉनच्या बाजूचा कार्बन ०.३२ वर उतरला आणि पलीकडचा ०.५९ वर चढला! कार्बन कमीकडून जास्तीकडे जातच राहिला. सिलिकॉनमुळे कार्बनचं केमिकल पोटेन्शियल वाढतं आणि कार्बन ते उतरत जातो. (सिलिकॉन स्वतः फार सावकाश सरकतं. ते पसरायला पुरेसा वेळ मिळाला असता, तर हा फरकही मिटला असता.)

आता "सारखी संहती म्हणजे समतोल". १०० अंशांना, एक वातावरण दाबाखाली, एक घनमीटर पाण्याचं वस्तुमान ९५८ किलो, तेवढ्याच वाफेचं जेमतेम ०.६ किलो. सोळाशे पटींचा फरक, तरी समतोल पक्का, कारण दोन्हीकडे पाण्याचं केमिकल पोटेन्शियल एकच आहे.

आणि हालचाल थांबत नाही. जितके रेणू बाहेर पडतात तितकेच परत येतात, एवढंच.

बर्फ आणि पाणी शून्य अंशाला असेच जुळलेले असतात. उणे १ अंशाला बर्फाचं पोटेन्शियल पाण्यापेक्षा मोलमागे सुमारे २२ जूलने कमी असतं, म्हणून पाणी गोठतं. आता बर्फ-पाण्याच्या मिश्रणात मीठ टाका. मीठ द्रवात विरघळतं, बर्फात जवळजवळ शिरतच नाही. त्यामुळे फक्त द्रवातल्या पाण्याचं पोटेन्शियल खाली येतं आणि बर्फ वितळू लागतो. वितळायला लागणारी उष्णता मिश्रणातूनच घेतली जाते, तापमान उतरत जातं आणि दोन्ही पोटेन्शियल पुन्हा जुळतात. मीठ आणि बर्फ दोन्ही पुरेसे असतील, तर थेट उणे २१ अंशांवर.