भरपाई म्हणजे सुटकेची पावती नव्हे

"न्यायालय दोषीला पीडिताच्या हातावर पैसे ठेवायला सांगतं, म्हणजे गुन्ह्याचं दरपत्रकच लावतं. पैसेवाला पैसे फेकून सुटतो. पीडिताने पैसे घेतले की त्याने माफ केलं असं धरतात. गरीब गुन्हेगाराकडून तर दमडीही मिळत नाही. ही भरपाई बंदच करा."

हा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. एखादा गाजलेला निकाल लागला की त्याला पुन्हा पाय फुटतात. त्यातला राग समजण्यासारखा आहे आणि एक तक्रार तर शंभर टक्के खरी आहे. पण ती खरी तक्रार बाकीच्या घोळात बुडून गेली आहे, म्हणून एकेक वाक्य सुटं करून बघू.

"पैसेवाला पैसे फेकून सुटतो."

इथे तीन निराळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. दंड एरवी सरकारी तिजोरीत जातो. तडजोडीत फिर्यादी आणि आरोपी आपसात मिटवतात आणि खटलाच संपतो. तीसुद्धा कायद्याने मुभा दिलेल्या गुन्ह्यांपुरतीच. भरपाईचा आदेश येतो तो गुन्हा सिद्ध झाल्यावर, न्यायाधीशाच्या लेखणीतून, आणि त्यातला पैसा पीडिताकडे जातो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच सांगितलं होतं की भरपाई देववण्याचा अधिकार हा इतर शिक्षेचं शेपूट नाही, तो शिक्षेच्या जोडीला आहे. 2024 मध्ये त्याच न्यायालयाने आणखी रोखठोक भूमिका घेतली: पीडिताला पैसे दिले हे शिक्षा कमी करण्याचं कारण होऊ शकत नाही.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर माझा लेख आणि तो मजकूर यांत फरक तो काय! 2024 च्या त्या प्रकरणात तत्त्व बजावून झाल्यावरही, घटनेला बारा वर्षं उलटली म्हणून न्यायालयाने दोषींना परत तुरुंगात धाडलं नाही. आणखी रक्कम भरायला लावली. इंग्लंडमध्ये 1982 पासून किरकोळ गुन्ह्यात भरपाई हीच एकमेव शिक्षा असू शकते. कुणी रागाच्या भरात काच फोडली, तर त्याला आत टाकण्यापेक्षा काचेचे पैसे वसूल करण्यात मला तरी काही वावगं दिसत नाही. अडचण होते ती गंभीर गुन्ह्यात, निकालाआधीच आरोपी स्वखुशीने मोठी रक्कम जमा करतो आणि वकील तिला "पश्चात्ताप" म्हणून पुढे करतो तेव्हा. फट तिथे आहे. पण ती शिक्षा ठरवणाऱ्याच्या सौम्यपणातली फट आहे. भरपाई बंद केली म्हणून ती बुजणार नाही. पैसेवाला पश्चात्तापाचा दुसरा देखावा शोधेल.

आणि सगळ्यात मोठ्या पैसेवाल्याचं उदाहरण हवं असेल तर बर्नार्ड मॅडॉफचं घ्या. गुंतवणूकदारांना अब्जावधींना बुडवल्याबद्दल 2009 मध्ये अमेरिकेत त्याला 150 वर्षांची शिक्षा झाली आणि 2021 मध्ये तो तुरुंगातच मेला. त्या घोटाळ्यातून जप्त झालेल्या पैशातून अमेरिकी न्याय विभागाने 2024 च्या अखेरीपर्यंत सुमारे 40,000 पीडितांना 4 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम परत केली. तांत्रिक भाषेत हा भरपाईचा आदेश नव्हता. इतक्या लोकांचा एकेकाचा हिशेब खटल्यात मांडणं व्यवहार्य नव्हतं, म्हणून जप्ती आणि वाटप हा मार्ग धरला. शिवाय यातला मोठा वाटा खुद्द मॅडॉफच्या खिशातून आला नाही. त्याच्या योजनेत भरपूर कमावलेल्या एका गुंतवणूकदाराची मालमत्ता आणि मॅडॉफचं खातं सांभाळणारी जेपी मॉर्गन ही बँक, यांच्याकडून तो आला. पण माणूसही आत राहिला आणि पैसाही परत आला. यातलं एक दुसऱ्याच्या आड आलं नाही.

"गुन्ह्याचं दरपत्रक."

दरपत्रक खरोखरच आहे! इंग्लंडच्या कनिष्ठ न्यायालयांसाठीच्या मार्गदर्शक सूत्रांत शारीरिक इजांचा तक्ता दिला आहे, आणि त्यात काळानिळा झालेला डोळा 125 पौंडांपासून सुरू होतो. वाचून अंगावर काटा येतो हे कबूल. पण तो तक्ता नीट बघा. डोळ्यावर ठोसा मारणारा पहिल्यांदाच चुकलेला असो की दहाव्यांदा, डोळ्याचा आकडा तोच. शिक्षा मात्र दोघांची वेगळी. म्हणजे मोजमाप झालं ते इजेचं, गुन्ह्याचं नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यात तर मनस्तापाचे पैसे सहसा मिळतच नाहीत. उपचार, बुडालेला पगार, गेलेली वस्तू, अंत्यसंस्कार, असा पावत्यांचा कोरडा हिशेब असतो. अत्याचाराची किंमत होऊ शकत नाही हे खरं, पण टाक्यांचं बिल असतं आणि ते कुणीतरी भरावंच लागतं. भरपाईचा आदेश नसेल तर ते ज्याला टाके पडले तोच भरतो.

"पैसे घेतले म्हणजे माफ केलं."

नाही. हा आदेश पीडिताच्या सहीने निघत नाही, त्याने शिक्षा माफ होत नाही आणि दिवाणी दावा करण्याचा हक्कही जात नाही. भारतीय कायद्यानुसार पुढे दिवाणी दावा झाला तर आधी मिळालेली रक्कम हिशेबात धरली जाते, इतकंच. पैसे घेतलेल्या बाईकडे किंवा बापाकडे बोट दाखवून "विकले गेले" म्हणणाऱ्यांनी एवढा फरक तरी शिकून घ्यावा.

"गरीब गुन्हेगाराकडून दमडीही मिळत नाही."

मघाशी म्हटलेली खरी तक्रार ती हीच.

मार्जरी फ्राय या ब्रिटिश सुधारक बाईंनी 1950 च्या दशकात एक उदाहरण मांडलं होतं. हल्ल्यात आंधळ्या झालेल्या एका माणसाला 11,500 पौंड मंजूर झाले आणि दोघा हल्लेखोरांनी आठवड्याला प्रत्येकी पाच शिलिंग (तेव्हा वीस शिलिंगांचा एक पौंड) द्यायचे ठरले. गणित तुम्हीच करा: दोघांचे मिळून वर्षाला 26 पौंड, म्हणजे शेवटचा हप्ता घ्यायला त्या माणसाला आणखी 442 वर्षं जगावं लागलं असतं. आजचं चित्र फार निराळं नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या 2018 च्या अहवालानुसार 2016 च्या आर्थिक वर्षाअखेर संघीय न्यायालयांनी ठरवलेली 110 अब्ज डॉलरची भरपाई येणं बाकी होती, आणि त्यातले 100 अब्ज वसूल होणार नाहीत असं खुद्द सरकारी वकिलांच्या कार्यालयांनीच नोंदवून ठेवलं होतं.

हा आकडा इतका फुगतो कसा? 1996 च्या तिथल्या कायद्याने बऱ्याच गुन्ह्यांत दोषीची ऐपत न बघता नुकसानीची पूर्ण रक्कम लिहायचं बंधन घातलं. निकालपत्रात न्याय पूर्ण दिसतो, खात्यात काही येत नाही. इंग्लंडने उलट वाट धरली. तिथे रक्कम ठरवताना ऐपत बघतात, आणि दंड व भरपाई दोन्ही झेपत नसेल तर आधी भरपाई, मग सरकारचा दंड. मला हा क्रम जास्त शहाणपणाचा वाटतो. सरकारने पीडिताच्या रांगेत घुसू नये. मात्र ऐपतीनुसार रक्कम कापली की तूट पीडिताच्याच माथी येते, हेही खरं.

मग ती तूट कुणी सोसायची? नेदरलँड्सने याचं उत्तर मला सगळ्यात पटण्यासारखं दिलं आहे. तिथे दोषीच्या मागे धावायचं काम पीडिताचं नसतं, वसुली सरकारी यंत्रणा करते. 2011 पासून हिंसक आणि लैंगिक गुन्ह्यांत निकाल अंतिम झाल्यावर आठ महिन्यांत पैसे आले नाहीत, तर उरलेली रक्कम सरकार आपल्या खिशातून पीडिताला देतं आणि मग निवांतपणे दोषीच्या मागे लागतं. धीर धरायची ताकद सरकारकडे असते. घरचा कमावता माणूस गेलेल्या कुटुंबाकडे ती नसते.

फ्रायबाईंची मागणीही याच वळणाची होती: गुन्हेगाराकडून होत नसेल तर समाजाने द्यावं. अशी सरकारी योजना कायद्याने पहिल्यांदा आणली न्यूझीलंडने, 1963 मध्ये. संयुक्त राष्ट्रांच्या 1985 च्या जाहीरनाम्यात दोन्ही गोष्टी ओळीने आल्या: आधी गुन्हेगाराने द्यावं, आणि ते पुरेसं पडत नसेल तर राज्याने. भारतात राज्य सरकारांच्या पीडित भरपाई योजनांची तरतूद 2009 च्या शेवटी लागू झाली. म्हणजे "गरिबाकडून मिळत नाही" हे वाक्य खरं आहे, पण त्यातून निघतं ते "वसुली सुधारा आणि तूट सरकारने भरा". "बंद करा" कुठून आलं?

याच मुद्द्याला चिकटून आणखी एक समज फिरतो, की पैसे न भरता जादा कैद भोगली की हिशेब मिटला. भारतात तरी मिटत नाही. भरपाई चुकवल्याबद्दल कैद भोगली तरी रक्कम वसूल करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केलं. अमेरिकेत भरपाईचं देणं सुटकेनंतरही वीस वर्षं मागे लागतं. तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये मर्यादाही घातली: ऐपत असून न देणारा आणि ऐपतच नसलेला यांत फरक करा, नुसत्या गरिबीपायी कुणाचं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर दिलेली मोकळीक, रद्द करून त्याला आत टाकू नका.

शेवटचं वाक्य मजकुरात नाही, पण त्याखालच्या चर्चेत हमखास येतं: "कोर्ट बघून घेतं, पीडिताला काही करावं लागत नाही." हे सगळ्यात महागात पडतं. भारतातल्या न्यायाधीशांनी प्रत्येक प्रकरणात भरपाईचा विचार केलाच पाहिजे आणि कारणं नोंदवली पाहिजेत, असं 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बजावून सांगावं लागलं, यातच काय ते आलं. विचार करायला समोर आकडे लागतात. दवाखान्याची बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, बुडालेल्या पगाराचा दाखला, दुरुस्तीची पावती हे सगळं शिक्षा ठरण्याआधी सरकारी वकिलाच्या हाती पडलेलं असावं. दंडातून भरपाई द्यायची असेल तर अपिलाची मुदत किंवा अपील संपेपर्यंत ती हाती येत नाही, हेही आधीच माहीत असलेलं बरं. आणि दोषीकडून मिळण्याची आशा नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे राज्याच्या योजनेखाली अर्ज करता येतो, आरोपी सापडला नसला तरीही.