‘पॅकेज कशाला, सर्व्हिस वर्कर आहे की!’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की पैशाचा हिशोब ठेवणारं ऑफलाइन ॲप एचटीएमएल-जावास्क्रिप्टमध्येच करावं, पण सही केलेलं पॅकेज म्हणून द्यावं: सगळा कोड एका फाइलीत बांधलेला, त्यावर बनवणाऱ्याची डिजिटल सही. त्यावर तुम्ही म्हणता, साइटचा कोड ब्राउझरमध्ये साठवून रेंज नसतानाही चालवणारा सर्व्हिस वर्कर असताना हे म्हणजे सीडीच्या जमान्यात परत जाणं; अशी पॅकेज चालवणारं फायरफॉक्स ओएस गेलं, क्रोम ॲप्स गेली, आणि तुमचं आपलं मेल्या म्हशीला मणभर दूध!

टोमणा आवडला. गोष्ट दुधाचीच आहे.

एका गावच्या संकलन केंद्रासाठी मी आधी तुम्ही म्हणता तसंच केलं होतं. सर्व्हिस वर्कर, नोंदींसाठी इंडेक्स्डडीबी (ब्राउझरमधलीच साठवण). रेंज नसतानाही झकास चालायचं. मग सचिवांचा मोबाइल भरला, मुलाने ब्राउझरचा सगळा साइट डेटा उडवला, आणि दोन वेळचं दूध गेलं. उत्पादकांच्या कार्डांवरून लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) पुन्हा भरत बसलो. कायम साठवणुकीची परवानगी मी मागितली नव्हती, ही चूक माझीच. मागितली असती तरी माणसाने स्वतः पुसलेलं ती वाचवत नाही, पण रोजची प्रत काढून ठेवता आली असती. म्हणून ही तक्रार मी फार ताणत नाही.

ताणतो ती दुसरी. फॅट-एसएनएफवरून दर काढणारं सूत्र आम्ही सभासदांसमोर बसून तपासलं होतं. पण ॲप साइटवरून येत असेल, तर आज तपासलेला कोडच उद्या चालेल याची हमी काय? मोबाइलला रेंज आली की सर्व्हिस वर्कर नवा कोड गुपचूप आणतो. सर्व्हर माझा, पासवर्ड माझा. मी बदललं काय किंवा कोणी घुसून बदललं काय, कुणाला पत्ता लागणार नाही. मेटाने २०२२ मध्ये व्हॉट्सॲप वेबसाठी ‘कोड व्हेरिफाय’ हे आलेला कोड बदललेला नाही ना ते तपासणारं ब्राउझर एक्स्टेन्शन काढलं ते याच दुखण्यावर. सिग्नल या मेसेजिंग सेवेचं डेस्कटॉप ॲपही वेबच्याच भाषांतलं, पण ते आधी क्रोम ॲप होतं, २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनवर (वेबचा कोड संगणकावरचं ॲप म्हणून चालवणारी चौकट) गेलं, साध्या वेबपानावर कधी आलं नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र बिनशर्त मान्य: पॅकेज केलं म्हणजे सुरक्षित झालं, असं नाही. त्याच सिग्नल डेस्कटॉपमध्ये २०१८ साली, आलेल्या संदेशातलं एचटीएमएल थेट ॲपच्या खिडकीत चालवता येत होतं. पॅकेजच्या आत कडक सीएसपी (कुठला कोड चालू द्यायचा याचे नियम) हवीच: बाहेरची स्क्रिप्ट नाही, पानातच लिहिलेली इनलाइन नाही, मजकुराचा कोड करून चालवणारं इव्हॅल नाही. मागच्या लेखात मी हे एका ओळीत उरकलं, ते चुकलं.

आणि म्हैस मेलेली नाही हो. फायरफॉक्स ओएसच्या कोडवरच साध्या फोनांसाठीचं कायओएस उभं राहिलं आणि २०१७ पासून जिओफोनमधून गावोगाव गेलं. त्यातही पॅकेज ॲप्स म्हणजे मॅनिफेस्टसकट (ॲपची माहिती आणि परवानग्या सांगणारी फाइल) झिपच. क्रोम ॲप्स गुंडाळायचं गूगलने २०१६ मध्ये जाहीर केलं, खरं आहे. पण आता क्रोमओएसवर त्यांचीच ‘आयसोलेटेड वेब ॲप्स’ आहेत. सही केलेला बंडल, आणि ॲपचा पत्ता डोमेनवरून न येता सही तपासायच्या सार्वजनिक किल्लीतूनच तयार होतो. किल्ली बदलली की पत्ताच बदलला. मला ही कल्पना फार देखणी वाटते, जरी ती अजून मुख्यतः संस्थांनी व्यवस्थापित केलेल्या यंत्रांपुरतीच असली तरी.

केंद्रावर आता तेच एचटीएमएल अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूत (ॲपच्या आत वेबपान दाखवणारी खिडकी) बसवलंय. मॅनिफेस्टमधून इंटरनेटची परवानगीच काढून टाकली. (वेबव्ह्यू परस्पर अपडेट होतं, तिथे माझं काही चालत नाही.) नोंदी दर दहा दिवसांच्या बिलाला फाइल करून केबलने संगणकावर जातात. नवी आवृत्ती पेन ड्राइव्हवर येते. सही वेगळी असेल तर अँड्रॉइड ती जुनीवर चढूच देत नाही. बसवली की दोन सभासद मागच्या बिलातल्या पाच-सहा नोंदी टाकून दर जुळतो का बघतात, आणि मगच काटा सुरू होतो.