भूकंप मोठा, पण त्सुनामी नाही
शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर परवा वादाला तोंड फोडले ते सुहासने. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ ८.६ क्षमतेचा भूकंप झाला, हिंदी महासागराच्या काठी त्सुनामीचे इशारे दिले गेले, लोक जिवाच्या आकांताने उंचावर धावले आणि समुद्राने फारसे काहीच केले नाही. तेव्हा हा सगळा प्रकार म्हणजे ‘लांडगा आला रे आला’, असे त्याचे म्हणणे.

भूशास्त्र शिकवणाऱ्या नंदूने तळहातावर तळहात टेकवून ते आडवे घासले. २०१२ मध्ये खडक असे बाजूला सरकले, त्यामुळे समुद्रतळ वर-खाली फारसा झाला नाही. मग त्याने एक हात दुसऱ्याखाली रेटला, तसा वरचा हात उसळला. २६ डिसेंबर २००४ रोजी, जेथे भारतीय भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा अवाढव्य तुकडा, शेजारच्या तुकड्याखाली शिरतो त्या सीमेचा सुमारे १३०० किलोमीटरचा पट्टा सुटला आणि वर आलेल्या तळाने माथ्यावरचे सगळे पाणी उचलले. चार किलोमीटर खोल पाण्यात अशी लाट ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगाने जाते, तरी जहाजावर ती जाणवत नाही; उथळ पाण्यात वेग घटतो आणि उंची चढते. चंद्राचा तिच्याशी काही संबंध नसल्यामुळे तिला भरतीची लाट म्हणू नये, हेही त्याने जाता जाता बजावले.

‘‘मग २०१२ ला इशारा दिलाच कशाला?’’ हा सुहासचा प्रश्न मला रास्त वाटला. भूकंपाची क्षमता काही मिनिटांत कळते, परंतु पाणी खरोखर हलले की नाही, हे समुद्रतळावरचे दाबमापक आणि किनाऱ्यावरचे भरतीमापक सांगतील तेव्हाच कळते; तोवर थांबायचे ठरवले, तर जवळच्या किनाऱ्यांना पळायला वेळच उरत नाही. हैदराबादचे इशारा केंद्र म्हणूनच आधी सावध करते आणि धोका नसल्यास इशारा मागे घेते.

‘‘अरबी समुद्रात कुठे असतंय हे?’’ असे मिलिंद म्हणताच नंदूने २८ नोव्हेंबर १९४५ चा, पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळचा भूकंप काढला. त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या आणि येथेही माणसे वाहून गेल्याची नोंद आहे. मिलिंद गप्प झाला.

सुहास मात्र हटला नाही. २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री इंडोनेशियातल्या अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीचा कडा समुद्रात कोसळला, मोठा भूकंप न होताच लाट आली आणि चारशेहून अधिक माणसे गेली. तेथे इशारा वेळेवर का मिळाला नाही, असे त्याने विचारले. भूकंपावर बेतलेली यंत्रणा तेथे आंधळीच ठरली, हे नंदूलाही मान्य करावे लागले.