बेरीज दोनाने घटली

भाचीला करिअरच्या चाचणीचा कागद भरायचा होता. २५ वाक्यं, प्रत्येकापुढे १ ते ५ आकडे. हे करायला जमेल याची किती खात्री आहे, त्यावर गोल करायचा. पेन्सिल चावत तिने विचारलं, "मावशी, खरं लिहू की चांगलं लिहू?"

माझा सगळा आक्षेप या प्रश्नात आला.

चाचणी वाईट नाही हो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की 'हे मला जमेल' हा विश्वासच माणसाला कामाला भिडवतो. त्यावरून टेलर आणि बेट्झ यांनी १९८३ मध्ये ५० वाक्यांची प्रश्नावली केली, १९९६ मध्ये ती २५ वर आली. स्वतःची पारख, व्यवसायांची माहिती, ध्येय ठरवणं, आखणी, अडचणीतून वाट काढणं, असे पाच भाग. पण ती मुळात बेतली कॉलेजच्या मुलांवर. 'चांगला बायोडेटा तयार करणे' या अर्थाच्या वाक्यावर पंधरा वर्षांच्या मुलीने कशावर गोल करायचा? तिच्या बायोडेटात नाव आणि जन्मतारीख!

आणि शेवटी घरी काय कळवतात? बेरीज. 'कॉन्फिडन्स कमी आहे.' झालं, आईबाप हवालदिल.

अहो, वाक्यं बघा ना! भाचीने 'एक व्यवसाय निवडणे' यावर बिनधास्त ५ ठोकला होता, आणि 'त्या क्षेत्रातल्या माणसाशी बोलणे' यावर १. म्हणजे निवड पक्की, चौकशी शून्य. बेरजेत हे दोन्ही आकडे एकमेकांना गिळतात. शिवाय खात्री मोजली म्हणजे निर्णय बरोबर की चूक हे कळत नाही. ज्याचं करिअर वडिलांनीच ठरवून टाकलंय, तोही छातीठोकपणे ५ लिहील.

बांडुरांच्याच म्हणण्यानुसार विश्वास सर्वांत घट्ट होतो तो स्वतः करून पाहिल्याने. 'तुला जमेल गं' हे नुसतं बोलणं त्यापुढे फिकं. म्हणून तो १ जिथे होता तिथेच हात घातला. तिला आवडणारं काम करणाऱ्या एका ताईंना फोन लावून दिला आणि मी खोलीबाहेर गेले. सुरुवातीला नुसतं "हो... हो..." ऐकू येत होतं. मग प्रश्न सुरू झाले. वीस मिनिटं.

बाहेर आली आणि खोडरबर मागितला. १ चा २ केला. आणि निवडीच्या ५ चा २.

बेरीज दोनाने घटली. मी जाम खूश!