गोसेखुर्दच्या पाण्यात प्लॉटरच पाहिजे?

गेल्या दोन आठवड्यांपासून मासेमारीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला आहे. मजकूर थोडक्यात असा: टॅबलेट म्हणजे खेळणं, नेट गेलं की त्याचा जीपीएस बंद. प्लॉटर घ्या, म्हणजे नावेवर बसवायचं जीपीएस-नकाशाचं यंत्र. त्यात सगळ्या पाण्याचा नकाशा आधीच भरलेला असतो, तो जास्त अचूक असतो, ऊन-पावसात टिकतो, आणि तो लावला की अपघाताची चिंता मिटली.

आमच्या मच्छीमार संस्थेची एक फायबरची इंजिन नाव आहे. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणापासून वरच्या अंगाला, आंभोरा गावाच्या दिशेनं तिची ये-जा असते. मासिक बैठकीत हा मेसेज मोठ्यानं वाचला गेला, माना डोलल्या आणि कोटेशन मागवायचं ठरलं. पैसा सभासदांचा आहे, म्हणून हे लिहितो.

आधी नेटचं. जीपीएस म्हणजे उपग्रहाकडून येणारे संकेत ऐकणं. त्याला टॉवर लागत नाही, रिचार्ज लागत नाही. नेट असलं की पहिल्यांदा जागा लवकर सापडते, नसलं तर मोकळ्या आभाळाखाली थोडं थांबावं लागतं, इतकाच फरक. नकाशा मात्र घरून उतरवून न्यावा लागतो. ऑसमअँडसारखं अ‍ॅप तो साठवून ठेवतं. मेसेजवाल्याचा गैरसमज कुठून आला असावा तेही सांगतो. फक्त वायफायवर चालणाऱ्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिप नसतेच. सिमवाल्यात असते. कोणीतरी तसला आयपॅड पाण्यावर नेला असेल आणि सगळ्या टॅबलेटांना शिव्या घातल्या असतील.

आता नकाशाचं, कारण खरी मेख इथं आहे. प्लॉटरमध्ये जे चार्ट भरलेले असतात ते मुख्यतः समुद्राचे आणि किनाऱ्याचे. आपल्याकडे समुद्राचे चार्ट देहरादूनचं राष्ट्रीय जलआलेखन कार्यालय काढतं. मुंबई-रत्नागिरीकडच्या नाववाल्याला त्यात खडक, खोली, दीपगृह सगळं मिळतं, आणि तो प्लॉटर घेतो ते बरोबरच करतो. गोसेखुर्दचं तसं नाही. ह्या धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं आणि पाणी अडायला त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. खाली आहेत ती माणसांची गावं: विहिरी, धानाच्या बांध्यांचे धुरे, जुने रस्ते, न तोडलेली झाडं. ह्यातलं काहीच प्लॉटरच्या तयार नकाशात सापडणार नाही. फार तर एक निळा डाग दिसेल आणि त्यावर आपल्या नावेचा बाण.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. नाव मी चालवत होतो, पुढे आमचे एक ढिवर काका बसले होते, हातात बांबू. पाणी आरशासारखं. काका एकदम म्हणाले, "हळू घे बापू, खाली आंबा हाये." मी इंजिन बंद केलं. त्यांनी बांबू खाली सोडला, तो दीडेक हातावर ठक्कन लागला. आंबा त्यांच्याच मामाच्या वावरातला. लहानपणी त्यावर चढले होते.

काकांच्या डोक्यात जे आहे ते विकत मिळत नाही, पण थोडंफार उतरवून घेता येतं. कॉम्प्युटरवरच्या गुगल अर्थ प्रोमध्ये जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं पाहता येतात. पाणी भरण्याआधीचं चित्र काढून गाव कुठं होतं, रस्ता कुठून जात होता ते टॅबलेटवर घेता येतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे मोफत उतरतात. मात्र त्यात १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर, तेव्हा गाव सापडेल, आंबा नाही सापडणार. आणि हे सगळं टॅबलेटवर सोपं आहे, प्लॉटरवर नाही.

प्लॉटरच्या बाजूनं एक मुद्दा मेसेजमध्ये आलाच नाही, तो मीच मांडतो. खोली मोजायचा सोनार, म्हणजे पाण्यात आवाजाच्या लहरी सोडून तळ किती खाली आहे ते सांगणारा सेन्सर. सोनारवाला प्लॉटर फिरत फिरत खोलीच्या रेषा स्वतः काढतो. गार्मिनच्या काही मॉडेलांत ती सोय आहे. टॅबलेट एकटा खोली सांगू शकत नाही. पण साधा सोनार खाली पाहतो, पुढे नाही. २० अंशांच्या शंकूचा सेन्सर ३ मीटर पाण्यात तळावरचं जेमतेम १ मीटरचं वर्तुळ पाहतो. शिवाय पाण्याची पातळी हलती. पूर्ण भरल्यावर समुद्रसपाटीपासून २४५.५० मीटर, आणि उन्हाळ्यात कितीतरी खाली. आज काढलेली ४ मीटरची रेषा मे महिन्यात ४ मीटर राहत नाही, त्या दिवशीची पातळी सोबत लिहून ठेवावी लागते.

अचूकतेत फार दम नाही. मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनचीही चूक साधारण ५ मीटरच्या आत असते. आपल्या कामाला प्लॉटर त्यापेक्षा फार पुढे जात नाही.

ऊन-पावसाचा मुद्दा मात्र खरा आहे, शंभर टक्के मान्य. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचा, असं कंपनीच सांगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. माझा टॅबलेट भर दुपारी नावेतच तापून बंद पडला आणि सावलीत ओल्या दुपट्ट्याशेजारी ठेवल्यावर अर्ध्या तासानं जागा झाला. स्क्रीनवर पाण्याचे थेंब पडले की नकाशा आपोआप सरकतो, आणि ओल्या बोटाला तर तो ऐकतच नाही. बऱ्याच प्लॉटरला बटणं असतात, उन्हात स्क्रीन दिसतो, तो १२ व्होल्टच्या बॅटरीवर दिवसभर चालतो. रोज दुपारी प्रवासी घेऊन फिरणारी नाव असेल तर मी वाद घालणार नाही. आमची नाव पहाटे निघते आणि नऊ-दहाला परत येते.

शेवटचं, अपघाताचं. वर्धा नदीत अमरावती जिल्ह्यातल्या झुंजजवळ सप्टेंबर २०२१ मध्ये नाव उलटली, एकाच गोतावळ्यातली माणसं गेली. नाव उलटायला लागली की कोणताही स्क्रीन तिला धरून ठेवत नाही. आमच्या नावेत आठ माणसं बसतात आणि लाइफ जॅकेटं तीन आहेत. कोटेशन मागवायचंच असेल तर आधी पाच जॅकेटांचं मागवा, मग एका साध्या फिश फाइंडरचं, म्हणजे नुसता सोनार असलेल्या यंत्राचं.

नकाशा आम्ही स्वतःच करून राहिलो. पाणी उतरलं की खुंट उघडे पडतात. प्रत्येकाला नाव टेकवून फोनमध्ये खूण मारायची, म्हणजे पावसाळ्यात ते बुडाले तरी स्क्रीनवर राहतात. गेल्या उन्हाळ्यात ४१ खुणा झाल्या. काकांना दाखवल्या तर त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "दोन चुकल्या. अन् मोहाचा खुंट कुठं गेला?"