'शिक्षकांनाच नको असतं' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: परदेशी शाळांत कुत्रा आणतात, मुलांचा ताण पळतो, वाचन सुधारतं. आपल्याकडे तर गल्लीतला एखादा शांत कुत्रा लळा लावून फुकटात काम होईल, पण शिक्षकांनाच नवं काही नको असतं.

परदेशात होतं, हे खरंच. बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात आपला जिंगल्स हा कुत्रा मुलांच्या उपचारात सोबतीला घेतला. १९९९ मध्ये सॉल्ट लेक सिटीत मुलांनी कुत्र्याला वाचून दाखवण्याचा उपक्रम सुरू झाला. चौथीतलं पोरगं 'स्वातंत्र्य'वर अडखळतं आणि आधी मागच्या बाकावर कोण हसतंय ते बघतं. कुत्रा हसत नाही, चूकही काढत नाही. यातली गोम शिक्षकाला समजावून सांगावी लागत नाही.

'ताण पळतो' हे मात्र अर्धवट. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठाच्या २०२२च्या अभ्यासात कुत्र्यासोबत वेळ घालवलेल्या मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं संप्रेरक) तुलनेने कमी आढळलं. पण कसं? ४ आठवडे, आठवड्यातून दोनदा, २० मिनिटं, शिकवलेला कुत्रा आणि त्याला सांभाळणारा माणूस सोबत. मेसेजमध्ये तो माणूसच गायब आहे.

आणि 'गल्लीतला कुत्रा'? सिडको-सातपूरकडची कितीतरी मुलं कचऱ्याजवळची टोळी चुकवतच शाळेत पोचतात. चावा घेतला तर जखम १५ मिनिटं साबण-पाण्याने धुऊन लगेच लस सुरू करायची, कारण रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळांच्या आवारातून भटकी कुत्री हटवायला सांगितलं आहे. अशात कुठला मुख्याध्यापक सही करेल? उपक्रमातला कुत्रा वेगळाच असतो: स्वभाव तपासलेला, लसी आणि जंताचं औषध वेळेवर झालेलं. तो सारखा जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, की त्याला ताण येतोय हे ओळखून त्याला बाहेर नेणारं कोणीतरी असतं. (प्राण्याच्या हालाबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही.)

आपली मुलं प्राण्यांपासून तुटली, असंही त्यात आहे. गंगापूर रोडच्या फ्लॅटमधली असतील. पेठ-सुरगाण्यातली शेळ्या सोडून शाळेत येतात.

राहिला आळसाचा आरोप. स्टाफरूममध्ये हा विषय निघाला की नकार क्वचित येतो, प्रश्न येतात. दम्याच्या मुलाचं काय? कुत्र्याला बघून थरथरणारी मुलगी तेवढा वेळ कुठे बसेल? नख लागलं तर पालकांना उत्तर कोण देणार? द्विशिक्षकी शाळेत एकेकाकडे दोन-दोन इयत्ता, वर पोषण आहाराच्या नोंदी. त्यात कुत्र्याकडे कोण बघणार? विशेष मुलांना शिकवणाऱ्या बाई तर हौसेने पुढे येतात, त्यांची अट एकच: कुत्र्यासोबत त्याचा माणूसही हवा.

तेव्हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी एवढं लिहून द्यावं: कुत्रा कोणाचा, लस कधी टोचली, सोबत कोण येणार. शनिवारी शाळा सकाळची असते, एका वर्गापासून सुरू करू.